पलंगासाठी फिरवलेल्या कड्या

डोळ्याचं ऑपरेशन करून मी अमरावतीहून परत आलो तेव्हा खुशालरावांच्या नव्या घरावर कवेलू चढले होते. राजापेठेत माझा मुलगा धम्मदीप राहतो, त्याच्याकडे मी पडून होतो. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि धूळ, शिडी, ओझं सगळं बंद केलं. अंजनगाव सुर्जीच्या स्टँडवर उतरलो, आणि घरी पिशवीसुद्धा न टाकता खुशालरावांच्या वावराचा रस्ता धरला. माझी लेक माया हिने मिस्त्री म्हणून स्वतःच्या नावावर बांधायला घेतलेलं ते पहिलं घर होतं.

घर लाकडाचं होतं. आजकाल लाकडाचं घर कोण बांधतो, असं सगळ्यांनीच विचारलं होतं. पण खुशालरावांच्या वावरातली माती काळी, खोल. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो. तिच्यावर त्यांनी आधी विटांचं घर बांधलं होतं. त्याच्या भिंती जमिनीपासून खिडकीपर्यंत तडकल्या. लिंपल्या, पुन्हा तडकल्या. तेव्हा माया त्यांना म्हणाली, "काकाजी, जड घर या मातीवर भांडतच राहीन. हलकं बांधू. खांब दगडावर उभे करू. माती हालली तं घर थोडंसं हालन, पन फाटनार नाई." खुशालरावांना पटलं. परतवाड्याहून सागवान आलं.

आमच्या घरात सुतारकी पिढीजात नाही. मी तरुणपणी परतवाड्याच्या आरामशीनवर लाकडं उचलायला लागलो आणि तिथेच हातात लाकूड तासायचा वाकस आला. माया माझ्या मागे मागे शिकली, मग आयटीआयला गेली. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. पण लोकांच्या लेखी मिस्त्री मी, आणि ती मिस्त्रीची पोरगी. लोक काम तिच्याकडून करून घेत आणि विचारत मला. या घराचं बोलणं झालं तेव्हा मी खुशालरावांना स्पष्ट सांगितलं, "मिस्त्री हे आहे. मी फक्त चहा प्याले येईन." ते हसले होते. म्हणून हे घर नीट उभं राहणं महत्त्वाचं होतं. राहिलं तर ती मिस्त्री. नाही राहिलं तर जन्मभर मिस्त्रीची पोरगी.

लांबून घर फार देखणं दिसलं. लाल कवेलूंचं छप्पर, पलीकडे पांढराशुभ्र कापूस. जवळ गेलो तर काम थांबलेलं. माया पश्चिमेच्या खोलीत एकटी उभी होती. तिच्या हातात ओळंब्याची दोरी होती आणि ती वर बघत होती.

"आली का गाडी टाइमावर?" तिने मान न वळवता विचारलं.

"आली. काय झालं?"

"बाबा, घर फाकून राहिलं."

तिने ओळंबा मला दाखवला. दोरी वर उत्तरेकडच्या खांबांच्या डोक्यावरच्या लांब पाटाला बांधलेली. खाली शिशाचा गोळा पायाच्या दगडावर जिथे खूण होती तिथे यायला हवा. तो खुणेच्या बाहेर चार बोटं लोंबत होता. दक्षिणेकडे तेच. दोन्ही बाजूंचे पाट बाहेर सरकले होते आणि त्यांच्याबरोबर खांबांची डोकी. मी चष्मा उचलून वर पाहिलं. शेंड्यावर, जिथे दोन्हीकडचे वासे आढ्याला मिळतात, तिथे बोट जाईल एवढी फट पडली होती आणि तिच्यातून कवेलूची लाल पाठ दिसत होती.

पूर्वेची खोली मात्र ओळंब्यात सरळ.

मी काही बोलायच्या आत तिने सांगितलं. "कड्या. या खोलीतल्या कड्या मी लांबीच्या बाजूनं टाकल्या."

छपराचं असं असतं. वाश्यांची जोडी म्हणजे पाय फाकून उभा असलेला माणूस. वर ओझं आलं की पाय बाहेर सरकतात. त्यांना धरून ठेवते ती खालची कडी, म्हणजे सरळ लांब लाकूड. तीच माळ्याची फळी तोलते, आणि तीच एका वाश्याचा पाय दुसऱ्या वाश्याच्या पायाशी बांधते. दोन वासे आणि एक कडी, तिघांनी एकमेकांना धरलं की छप्पर भिंतींना ढकलत नाही, नुसतं त्यांच्यावर बसतं. पण त्यासाठी कडी या पाटापासून त्या पाटापर्यंत आडवी जायला हवी. पूर्वेच्या खोलीत तशीच होती. पश्चिमेच्या खोलीत कड्या पाटाला समांतर धावत होत्या, मधल्या तुळईपासून कडेच्या तुळईपर्यंत. वाश्यांचे पाय नुसते पाटावर टेकले होते. त्यांना धरणारं कोणी नव्हतं.

"काहून टाकल्या तशा?"

"जमुनाकाकूचा पलंग," माया म्हणाली.

जमुनाबाई खुशालरावांच्या बायको. त्यांच्या माहेरचा, अचलपूरचा, भक्कम शिसवी पलंग आहे. तो पश्चिमेच्या खोलीत पूर्वेकडे डोकं करून ठेवायचा हे घर बांधायच्या आधीच ठरलं होतं. आणि झोपणाऱ्याच्या अंगावरून आडवं लाकूड जाऊ नये, असं आमच्याकडे घरोघर मानतात. जमुनाबाई तर फारच मानतात. कड्या आडव्या चढायला लागल्या त्या दिवशी त्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे लाकूड माझ्या छातीवरून जाते, हे उतरवा. मायाने दोनदा समजावलं. मग पहिल्याच घराच्या मालकिणीशी वाद नको म्हणून तिने कड्या फिरवल्या. मधली तुळई जाड आहे, धरेल, असं तिला वाटलं. कवेलू चढेपर्यंत धरलंही.

"कवेलू उतरव," मी म्हणालो. "वजन कमी कर, मंग पाहू."

"कवेलू उतरले का गावभर होईन, मायाच्या घराचं छप्पर उतरलं. मंग मी खांबाले सोनं लावलं तरी कोनी येनार नाई." तिने ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळली. "चूक माही आहे बाबा. दुरुस्तही मीच करीन. पन छप्पर वरच राहीन."

तेवढ्यात खुशालराव आले. बरोबर त्यांचा पुतण्या योगेश. योगेश स्लॅबचे ठेके घेतो. लाकडाच्या घराला तो पहिल्या दिवसापासून खुराडं म्हणत होता. बातमी त्याला कशी लागली कोण जाणे.

"काय मिस्त्री," योगेश माझ्याकडे पाहून म्हणाला, "डोये नवे करून आले अन् पयलं काय पाह्यलं तं वाकडं घर!"

"मिस्त्री ते आहे," मी मायाकडे बोट दाखवलं.

"हो का? मंग मिस्त्रीनबाई, कोंबड्या कवा आनायच्या?"

खुशालराव हसले नाहीत. वावरातला कापूस वेचून होत आला होता. भाव चढेपर्यंत तो माळ्यावर भरायचा, म्हणूनच तर माळा केला होता. ते वर पाहून म्हणाले, "माया, मले सरळ सांग. घर उभं राह्यते का नाई? नसन राहत तं योगेश उद्या मानसं घेऊन येतो. पाडू अन् कॉलम उभे करू. मले राग नाई."

"राह्यते काकाजी. पन कड्या आडव्या टाका लागतीन."

"आडव्या नाई!" दारातून आवाज आला. जमुनाबाई येऊन उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात चहाची किटली. "ते झालं बोलनं. माह्या आंगावरून लाकूड जानार नाई."

"अवं, आता घरच आंगावर येऊन राह्यलं!" खुशालराव म्हणाले.

"येऊ द्या. घर आलं तं सगळ्यायच्या आंगावर येईन. लाकूड माह्या एकटीच्या."

मायाने ओळंब्याची दोरी हातातून सोडली. मला वाटलं आता ही चिडणार. पण ती योगेशकडे वळली.

"योगेशभाऊ, चपला काढा. हे दोन रिकामे पोते घ्या, फरशीवर टाका, एकेका पोत्यावर एकेक पाय. हं. आता पाय फाका."

"काहून?"

"फाका तं खरं. भेता का?"

तो भ्यायचा नव्हता. फरशी गुळगुळीत होती. तो पाय फाकून उभा राहिला. मायाने खुशालरावांना त्याच्या खांद्यांवर दोन्ही हातांनी दाबायला सांगितलं. खुशालरावांनी पुतण्याला बरंच काही मनातलं धरून दाबलं. योगेशचे पाय पोत्यांसकट दोन्हीकडे सरकायला लागले.

"ओ काकाजी! फाटते ना! सोडा!"

जमुनाबाईंनी किटली खाली ठेवली. मायाने त्याच्याच गळ्यातला दुपट्टा काढला आणि त्याच्या दोन्ही घोट्यांना आखडून बांधला. "आता दाबा काकाजी." खुशालराव अक्षरशः लोंबकळले. योगेश हलला नाही.

"काकू, हे कवेलू," मायाने खुशालरावांच्या हातांना हात लावला. "हे दोन वासे," योगेशच्या पायांना. "अन् हा दुपट्टा म्हनजे कडी. मी तुमच्या पलंगासाठी दुपट्टा सोडून टाकला."

जमुनाबाईंनी वाकून योगेशच्या घोट्यांवरची गाठ ओढून पाहिली. "कळलं मले," त्या म्हणाल्या. "बांध तुह्या कड्या आडव्या. घर तुमचं राहू द्या. मी बाहेर पडवीत बाज टाकून झोपीन."

"घ्या!" खुशालराव म्हणाले. "घर बांधलं बायकोसाठी अन् बायको पडवीत!"

मायाने खिशातून टेप काढला. खोलीत पलंगाची जागा खडूने आखलेली होती. तिने ती मोजली, मग खिडकीपासून भिंतीपर्यंत मोजलं, आणि उकिडवी बसूनच विचारलं, "काकू, लाकूड आंगावरून आडवं गेलं तं वाईट ना?"

"वाईटच."

"अन् आंगाच्या बाजूनं गेलं, जसं आपन झोपतो तसंच लांब, तं?"

"त्याचं काई नाई. त्यानं काय होते?"

"मंग पलंग फिरवा. डोकं दक्षिनेले, पाय उत्तरेले. दोन कड्यायच्या मधात बरोब्बर बसते. एकही कडी तुमच्यावरून जात नाई."

जमुनाबाईंनी वर पाहिलं, खाली खडूच्या रेघेकडे पाहिलं, हाताने हवेत पलंग फिरवून पाहिला. दक्षिणेला डोकं करायला कुठल्याच शास्त्राची हरकत नव्हती.

"डोकं दक्षिनेले चालते," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या मायनं पूर्वेले ठेवला होता म्हून..."

"अरे बाप्पा!" खुशालराव फरशीवरच बसले. "पलंग फिरवायचा तं या बाईनं घर फिरवलं!"

पहिल्या जमुनाबाईच हसल्या, तोंडाला पदर लावून. मग घोटे बांधलेल्या योगेशला हसू आवरेना आणि तो धपकन पडला.

पण हसून पाट जागेवर येणार नव्हते. चार बोटं बाहेर गेलेलं सागवान, वर छपराचं ओझं. ते आत ओढल्याशिवाय कडी बसवून उपयोग नव्हता, नाही तर वाकडं घर वाकडंच बांधून ठेवल्यासारखं झालं असतं. मायाने आधी आढ्याखाली दोन जाड टेकू उभे केले आणि त्यांच्या बुडाशी दोन्हीकडून पाचरी ठोकल्या. पाचरी आत जाऊ लागल्या तसं आढं केसभर वर उचललं गेलं. आता वाश्यांचं ढकलणं थांबलं होतं. राहिलं ओढणं.

"चेनपुल्ली आनतो," योगेश म्हणाला. त्याचा आवाज जरा बदलला होता.

"चेननं एका जागी ताकद येईन. पाट फाटन," माया म्हणाली. "सगळीकून सारखं, हळूहळू आलं पायजे." ती खुशालरावांकडे वळली. "काकाजी, कापसाची ट्रॉली तुमी कशी आवळता?"

खुशालरावांचा चेहरा उजळला. कापसाने भरलेली गाडी बांधण्यात त्यांचा हात धरणारा या भागात कोणी नाही. बैलगाड्या होत्या तेव्हापासून लोक त्यांना बोलावून नेतात. दोर ओझ्यावरून दुहेरी टाकायचा, दोन पदरांच्या मधे बाभळीचं दांडकं घालायचं आणि पीळ देत जायचं. दर पिळाला दोर आखडतो आणि कापसाचा डोंगर मुकाट्याने दबत जातो.

"दोर आना रे!" ते ओरडले. बायकोसमोर, पुतण्यासमोर, गलका ऐकून वावरातून आलेल्या कापूस वेचणाऱ्या सगळ्या बायांसमोर.

लांबीच्या बाजूने टाकलेल्या कड्या खाली काढल्या. उत्तरेच्या पाटापासून दक्षिणेच्या पाटापर्यंत तीन ठिकाणी दुहेरी दोर गेले. मधल्या दोराला खुशालराव, एकाला योगेश, एकाला वावरातल्या गड्यांपैकी एक धट्टाकट्टा माणूस. तिघेही उंच लाकडी घोडीवर उभे, प्रत्येकाच्या हातात दांडकं. माया खाली ओळंब्यापाशी. मला चष्म्यासकट दाराबाहेर बाजेवर बसवलं, पण दार उघडं होतं.

"दांडकं सुटू देऊ नका," खुशालरावांनी बजावलं. "सुटलं तं गरगर फिरते अन् जबडा घेऊन जाते. योगेश, तुले सांगून राह्यलो. तोंड मांगं ठेव."

"तोंड तं त्याचं नेहमीच समोर राह्यते," जमुनाबाई म्हणाल्या.

"एक पीळ," माया म्हणाली.

तिघांनी एक पीळ दिला. काही झालं नाही. दुसरा. दोर ताठ झाले. तिसऱ्या पिळाला लाकूड बोललं. करर्र असा लांब आवाज घरभर गेला आणि बाहेरच्या बाया दोन पावलं मागे सरल्या. मी बाजेवरून उठलो. मायाने फक्त हात वर केला, थांबा. ती गोळ्याकडे बघत होती. गोळा झुलला, स्थिर झाला. खुणेच्या जवळ आला होता.

"आलं. योगेशभाऊ अर्धा पीळ. बाकीचे थांबा."

"मीच काहून?"

"तुमच्याकून मांगं आहे."

असं चाललं. अर्धा पीळ, थांबा, बघा. खुशालरावांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, योगेशचा शर्ट पाठीला चिकटला होता. दर वेळी लाकूड कण्हायचं आणि दर वेळी तो शिशाचा गोळा थोडा आत यायचा. शेवटच्या बोटापाशी तो अडला. दोन पीळ दिले तरी हलेना. योगेशने विचारलं, "तुटन तं नाई?" माया पाटापाशी शिडीने चढली, हाताच्या तळव्याने लाकूड चाचपत गेली, आणि एका खांबाच्या डोक्यावर, जिथे खांबाचं कुसू पाटाच्या भोकात बसतं तिथे, तिने लाकडी हातोड्याचा एकच ठोका मारला. ठक्. अडलेलं कुसू सुटलं, पाट आत सरकला आणि गोळा खुणेवर जाऊन उभा राहिला.

"धरून ठेवा!" ती ओरडली.

दांडकी उलटी फिरू नयेत म्हणून तिघांनी ती ताणलेल्या दोरालाच बांधून टाकली. मग कड्या चढल्या. खोली चौरस होती आणि टोकं वाढवूनच ठेवलेली, म्हणून त्याच कड्या आडव्या पुरल्या. प्रत्येक कडीचं टोक वाश्याच्या पायाला लागून पाटावर बसलं. मायाने गिरमिटाने दोघांतून आरपार भोक पाडलं, बोल्ट घातला, चाकी घालून नट आवळला. या टोकाला एक जण, त्या टोकाला ती. प्रत्येक कडीवर आणि तिच्या वाश्यावर तिने खडूने एकच अक्षर लिहिलं होतं, जोडी चुकू नये म्हणून. तिच्या असल्याच अक्षरांवरून मी म्हातारपणी वाचायला शिकलो. बाजेवरून मी ती एकेक करून वाचत होतो आणि बोल्ट आवळला गेला की मनात खूण करत होतो.

शेवटचा नट बसला. आता दोर सोडायचे आणि टेकू काढायचे. यावरच सगळं होतं.

"मी काढू?" मी दारातून विचारलं.

"तुमी धुळीत येऊ नका, डॉक्टरनं सांगतलं," माया म्हणाली आणि स्वतः पाचरींपाशी बसली.

खुशालरावांनी पीळ उलटे सोडले. दोर सैल पडले. मग तिने एक पाचर काढली, दुसरी काढली. आढं खाली बसलं. सगळ्या छपराचं ओझं एकदम वाश्यांवर आलं आणि घरातून एक आवाज निघाला, दमलेल्या माणसाने बाजेवर अंग टाकावं तसा. वरून कवेलूचा चुरा भुरभुर पडला. आढ्याजवळची फट मिटली होती. सगळ्यांच्या नजरा गोळ्यावर.

गोळा खुणेवर होता. हलला नाही.

योगेश पुढे झाला, वाकला, एक डोळा मिटून दोरी पाहिली. दुसऱ्या बाजूला जाऊन तिथलीही पाहिली. मग पाटाला दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं. माणूस धंद्यातला आहे, त्याला दिसलं. "नाई हालत," तो म्हणाला. "खरंच नाई हालत."

फळ्या ठोकल्या गेल्या, पलंग आत आला, डोकं दक्षिणेला. जमुनाबाई त्याच्यावर आडव्या पडून वर बघत राहिल्या. दोन कड्या, एक डावीकडून गेलेली, एक उजवीकडून. "झोप लागीन," त्यांनी निकाल दिला.

कापूस भरला तो दिवस सणासारखा होता. कापूस माळ्यावर नुसता टाकून भागत नाही, तो तुडवून दाबावा लागतो, म्हणजे जास्त मावतो. पहिलं ओझं वर गेलं तेव्हा माया शिडीखाली उभी होती. जमुनाबाईंनी लुगड्याचा कासोटा घट्ट केला आणि सगळ्यांच्या आधी शिडी चढल्या.

"अवं, तू कुठं?" खुशालराव म्हणाले.

"माळा माह्या पलंगावर पडन का, पाहून येतो!"

त्यांच्या मागे वेचणाऱ्या बाया चढल्या. हातात हात धरून त्या कापसावर नाचायलाच लागल्या. एक गाणं सुरू झालं, मग दुसरं. वरून कापसाची भुसभुस खाली उडत होती, माझ्या काळ्या चष्म्यावर बसत होती आणि मला कोणी धुळीतून हाकलत नव्हतं. मायाने ओळंबा तसाच लटकत ठेवला होता. बायांच्या प्रत्येक ठेक्याला गोळा थरथरायचा आणि पुन्हा खुणेवर येऊन थांबायचा.

घर पूर्ण झालं की मालकाने मिस्त्रीला टोपी-दुपट्टा द्यायची आमच्याकडे रीत आहे. खुशालरावांनी ताट आणलं. त्यांची पावलं सवयीने माझ्याकडे वळली. मी चष्मा काढून पुसायला घेतला आणि त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते थांबले. वळले.

"टोपी तिले कशी दिसन?" जमुनाबाई म्हणाल्या. "फेटा बांधा."

"फेटा कुठून आनू आता?"

योगेशने गळ्यातला दुपट्टा काढला, तोच, घोट्यांना बांधलेला. "हा घ्या. मजबूत आहे, मले माईत आहे." खुशालरावांनी तो झटकला आणि मायाच्या डोक्याला बांधला. पीळ देऊन, आखडून, कापसाची गाडी बांधावी तसा. माया रडली नाही. फेटा डोळ्यावर येत होता म्हणून तिने तो जरा वर सारला आणि हसली.

"माया मिस्त्री," योगेश जरा घुटमळत म्हणाला, "पथ्रोटले माह्या सासऱ्याचं वावर आहे. तिथलीही माती अशीच हाय. स्लॅब टिकत नाई. एकदा येऊन पाह्यसान का?"

"येईन. पन सासूबाईचा पलंग कोनत्या दिशेले आहे, ते आधी इचारून ठेवा."

पडवीत पंगत बसली. वांग्याच्या भाजीचा वास घरभर फिरत होता. खुशालरावांनी आतून हाक मारली, "मिस्त्री, जेवाले चला!"

चाळीस वर्षं त्या हाकेला मी उठत आलो आहे. या वेळी बसून राहिलो. माया फेट्यासकट हात धुऊन आत गेली.

"अन् त्या बुढ्यालेही आना," खुशालराव म्हणाले.